खांद्याचं ऑपरेशन टिकतं ते कशावर?

हंडा उतरवताना खांद्यातून कळ येते, वेणी घालायला हात डोक्यापर्यंत जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. अशी तक्रार प्रत्येक गटात एकदोघींची तरी असते. कुणी तेल चोळतं, कुणी शेक घेतं, कुणी मेडिकलमधून गोळी आणतं. मग एक दिवस डॉक्टर सांगतात, "खांद्याची नस फाटली आहे, ऑपरेशन करावं लागेल." घरात लगेच दोन प्रश्न उभे राहतात. खर्च किती? आणि ऑपरेशन करून गुण येणार का?

या लेखात मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलू. गुण येणं फक्त डॉक्टरांच्या हातात नसतं. ऑपरेशनच्या आधी आपण काय केलं आणि नंतरच्या तीन महिन्यांत काय केलं, यावर बरंच ठरतं.

फाटतं काय?

आपण 'नस' म्हणतो, पण ती नस नसते. खांद्याच्या सांध्याभोवती चार स्नायू असतात. ते हाडाला ज्या मजबूत पट्ट्यांनी जोडलेले असतात, त्या पट्ट्यांना कंडरा म्हणतात. या चौघांना मिळून डॉक्टर 'रोटेटर कफ' म्हणतात. हात वर नेणं, फिरवणं आणि खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणं हे त्यांचं काम.

वय वाढतं तशी कंडरा झिजते. वर्षानुवर्षं हंडे उचलणं, भात झोडणं, डोक्यावर पाटी वाहणं याचाही ताण पडतो. कधी विहिरीच्या ओल्या काठावर पाय घसरतो, आपण हातावर पडतो आणि ती एकदम फाटते. ऑपरेशनमध्ये, बहुतेक वेळा दुर्बिणीतून, फाटलेली कंडरा ओढून हाडाला टाके घालून बांधतात.

पण खांदा दुखणाऱ्या प्रत्येकीला ऑपरेशन लागत नाही. कंडरा थोडीशी फाटली असेल, तर कित्येकींना व्यायाम आणि औषधानेच आराम पडतो. शुगर असलेल्या बायकांचा खांदा आखडतो, तो आजार वेगळा आणि त्याचे उपचारही वेगळे. साध्या एक्स-रेमध्ये कंडरा दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो.

आधीच्या चार गोष्टी

*पहिली: उशीर.* कंडरा फाटली की तिचा स्नायू कामाविना राहतो. तो हळूहळू सुकतो आणि त्याच्या जागी चरबी भरते. ही चरबी एकदा भरली की ऑपरेशननंतरही सहसा जात नाही. फाटही मोठी होत जाते. फाट लहान आणि स्नायू चांगला असेल, तर जुळण्याची शक्यता जास्त. म्हणून पडल्यावर हात वर उचलतच नसेल, तर "मुका मार आहे, बसेल आपोआप" म्हणत महिने घालवू नका. आठवडाभरात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

*दुसरी: वय.* साठीनंतर कंडरा जुळायला कठीण जाते. ते आपल्या हातात नाही. पण म्हणून ऑपरेशन करूच नये असंही नाही. वय मोठं असताना कंडरा पूर्ण जुळली नाही, तरी बऱ्याच जणींचं दुखणं कमी होतं. फक्त अपेक्षा काय ठेवायची, ते डॉक्टरांना आधीच विचारा.

*तिसरी: साखर.* मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम उशिरा भरते, पू होण्याची भीती वाढते, खांदा आखडतो आणि कंडरा पुन्हा फाटण्याचा धोकाही वाढतो. ऑपरेशनआधी 'तीन महिन्यांची साखर' दाखवणारी रक्ततपासणी करतात. ती जास्त आली तर डॉक्टर तारीख पुढे ढकलतील. घाई करू नका, साखर खाली आणा.

*चौथी: मिश्री आणि तंबाखू.* यावर आपण मोकळेपणाने बोलत नाही, पण बोलायला हवं. तंबाखूतल्या निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. कंडरेला मुळातच रक्त कमी मिळतं, ते आणखी कमी होतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची कंडरा नीट जुळत नाही, हे डॉक्टरांना नेहमी दिसतं. मिश्री दाताला लावली तरी निकोटीन रक्तात जातंच. ऑपरेशनआधी काही आठवडे आणि नंतर तीन महिने तरी ती बंद ठेवा. कायमची सुटली तर उत्तमच.

आणखी एक सांगायचं राहू नये. खांद्यात दुखणं थांबवायचं इंजेक्शन घेतलं असेल, तर ते कधी आणि किती वेळा घेतलं ते सर्जनना सांगा. इंजेक्शननंतर महिन्याच्या आत ऑपरेशन केलं तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

नंतरचे तीन महिने

टाके कंडरेला हाडाशी नुसतं धरून ठेवतात. जुळायचं काम शरीर करतं, आणि त्याला साधारण तीन महिने लागतात. फाटलेल्या लुगड्याला टाका घातला की ते लगेच नेसता येतं, तसं इथे होत नाही.

पहिले चार ते सहा आठवडे हात गळ्यातल्या झोळीत ठेवावा लागतो. झोपतानाही. बोटं, मनगट आणि कोपर हलवायचं, पण खांद्याच्या जोरावर हात उचलायचा नाही. पुढे फिजिओथेरपिस्ट सांगतील तसा आधी आधाराने आणि मग स्वतःहून हात हलवायचा. ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनी. जड कामाला चार ते सहा महिने, कधी जास्तही लागतात.

खरी अडचण चौथ्या-पाचव्या आठवड्यात येते. दुखणं कमी होतं, घरात कामं पडलेली दिसतात, आणि बाई एक कळशी उचलते. दुखणं थांबलं म्हणजे कंडरा जुळली असं नाही. पुन्हा फाटण्याच्या घटना जास्त करून पहिल्या काही महिन्यांतच घडतात. त्या हाताने हंडा, भाकऱ्या थापणं, कपडे पिळणं, लेकरू कडेवर घेणं, काही नाही. याच्या उलट, भीतीने महिनोन् महिने हात झोळीतच ठेवला तर खांदा आखडतो. व्यायाम सांगितला त्या दिवशी सुरू करायचा, आधी नाही आणि नंतरही नाही.

काही साधी तयारी: पुढून बटणं असलेला गाऊन आणून ठेवा. त्या हातातल्या बांगड्या आणि अंगठी आधीच काढा. पहिले काही आठवडे पाठीला उशा लावून अर्धवट बसून झोपलं की बरं वाटतं.

गट काय करू शकतो?

घरी पाणी भरायला दुसरं कुणी नसेल, तर "विश्रांती घ्या" हा सल्ला कागदावरच राहतो. म्हणून ही गोष्ट एकटीची नाही.

ऑपरेशन ठरलं की गटाच्या बैठकीत सहा आठवड्यांचं वेळापत्रक करा. पाणी कोण भरणार, फिजिओथेरपीला सोबत कोण जाणार. घरातल्या पुरुषांचीही नावं त्यात लिहा. मजुरी बुडणार, म्हणून हप्त्याचं आधीच बोलून ठेवा. अंतर्गत कर्ज किंवा ग्रामसंघाचा जोखीमप्रवणता निधी मिळतो का, तेही विचारा.

फाट जुनी असेल आणि डॉक्टरांनी वेळ दिला असेल, तर हंगाम बघून तारीख घ्या. भाताची झोडणी उरकून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ऑपरेशन झालं, तर जूनच्या आवणीपर्यंत सहा महिने मिळतात. पडून नुकतीच फाटली असेल, तर मात्र हंगामासाठी थांबू नका.

तपासणीसाठी आधी पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. मोठी रुग्णालयं म्हणाल तर कामोठ्याला एमजीएम आहे, मुंबईत जे. जे., केईएम आणि सायन. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पण ठरावीक उपचारांना आणि ठरावीक रुग्णालयांतच. आपलं ऑपरेशन त्यात बसतं का, हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या.

डॉक्टरांना हे विचारा

१. फाट किती मोठी आहे? स्नायूत चरबी भरली आहे का?
२. आधी व्यायाम करून बघता येईल का? थांबलं तर काय नुकसान?
३. माझी साखर ऑपरेशनला योग्य आहे का?
४. झोळी किती आठवडे? व्यायाम कधी सुरू करायचा?
५. हंडा कधी उचलता येईल? शेतावर कधी जाता येईल?

हे पाच प्रश्न वहीत उतरवून घ्या. जिचा खांदा दुखतो, तिच्यासोबत पुढच्या तपासणीला गटातली एक जण जाऊ द्या. दोघींनी ऐकलेलं जास्त लक्षात राहतं.