एकाला लागण, दुसऱ्याला नाही : संसार कसा सांभाळावा?



गरोदरपणात किंवा आजारपणात रक्त तपासले जाते आणि एक दिवस कळते की नवऱ्याला एच.आय.व्ही.ची लागण आहे, बायकोला नाही. कधी याच्या उलटही असते. मग रात्री दिवा मालवल्यावर दोघांच्या मनात एकच प्रश्न येतो : "आता आपण एकत्र नांदायचे की नाही?"

नांदायचे! पण नीट समजून घेऊन.

"इतकी वर्षे झाली नाही, आता काय होणार?"

असे पुष्कळ जोडपी म्हणतात. हा समज घातक आहे. प्रत्येक संबंधातून विषाणू जातोच असे नाही, म्हणून एकजण आजवर वाचला. त्याचे रक्त जोरदार आहे म्हणून नव्हे! पुढच्या वेळीही तो वाचेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शिवाय नुकतीच झालेली लागण तपासणीत लगेच दिसत नाही. म्हणून अहवाल चांगला आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्या आणि पुढेही समुपदेशक सांगतील तेव्हा तपासणी करा.

"आमचे ऑपरेशन झाले आहे, मग निरोध कशाला?"

नसबंदी, तांबी किंवा पाळणा लांबवण्याच्या गोळ्या यांनी दिवस राहत नाहीत एवढेच. विषाणू त्यांनी अडत नाही. तो निरोधने अडतो. म्हणून ऑपरेशन झालेले असले तरी प्रत्येक वेळी नवा निरोध वापरा. निरोध फाटला तर लाजू नका. लगेच, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत, सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सांगा.

औषध दोघांनाही राखते

ए.आर.टी.ची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. गोळी रोज, ठरलेल्या वेळी घेतली की रक्तातला विषाणू दबत जातो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊ देशांतील अशी १,७६३ जोडपी होती. आपल्या पुण्यातली आणि चेन्नईतली जोडपीही त्यांत होती. ज्यांनी औषध लवकर सुरू केले, त्यांच्याकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. विषाणू पूर्ण दबलेला असेल तर संबंधातून लागण होत नाही, हे पुढच्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे.

पण विषाणू दबला की नाही हे अंगकाठीवरून कळत नाही. वजन वाढले, शेतावरची कामे जमू लागली, म्हणून गोळी सोडू नका. गोळी चुकली की विषाणू पुन्हा वाढतो. औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांनी 'व्हायरल लोड' तपासणी होते. तिचा अहवाल हाती येऊन डॉक्टर सांगेपर्यंत निरोध सोडू नका.

मूल हवे असेल तर

तेही होऊ शकते. मात्र आधी ए.आर.टी. केंद्रातील डॉक्टरांना भेटा. विषाणू दबल्यावर ते योग्य वेळ सांगतील. लागण आईला असेल तर तिने औषध एकही दिवस चुकवू नये, बाळंतपण दवाखान्यातच करावे आणि बाळालाही सांगितलेले औषध द्यावे. आई वेळेवर औषध घेत असेल तर बहुतेक बाळे निरोगी जन्मतात.

घरच्यांनीही ऐकावे

एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने किंवा डास चावल्याने लागण होत नाही. तेव्हा सुनेची भांडी वेगळी करू नका, तिला माहेरी धाडू नका. आधी जिचे रक्त तपासले तिनेच रोग आणला, असे मुळीच नाही. दाढीचे ब्लेड आणि सुई मात्र ज्याची त्याने वापरावी.

गावात बोभाटा होईल ही भीतीही नको. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने तुमचा अहवाल गुप्त ठेवणे बंधनकारक आहे.

तेव्हा उद्याच दोघे मिळून जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा किंवा १०९७ या क्रमांकावर मोफत फोन करा. एकाने दुसऱ्याला दोष देण्यात वेळ घालवू नका. रोज संध्याकाळी एकाने गोळी घ्यावी, दुसऱ्याने तिची आठवण करावी.

गोळी रोजची, तपासणी वेळची, साथ दोघांची!