साठावे नाव
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाची निवड चाचणी चालू होती. मी खेळाडू नव्हे, गुणलेखक. टेबलाशी बसायचे आणि कोणी किती गुण केले, कोणाचे किती फाउल झाले, कोणाच्या हातून चेंडू किती वेळा गेला हे वहीत उतरवायचे, एवढेच माझे काम. बारा जणांच्या यादीतली अकरा नावे ठरली होती. बाराव्या जागेसाठी प्रथम वर्षाचा एक मुलगा होता. उंची पाच फूट पाच इंच. सरांनी सहज विचारले, "काय रे, तुझी वही काय म्हणते?" मी वही न उघडताच म्हणालो, "खेळतो चांगला सर, पण उंची कमी पडेल."

नाव कटले. त्यानंतर तो मुलगा मैदानावर दिसला नाही.

माझी स्वतःची उंची पाच फूट चार इंच आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

त्या रात्री खोलीवर आल्यावर मी वही उघडली. दोन दिवसांच्या चाचणीत त्या मुलाच्या हातून चेंडू फक्त दोनदा गेला होता आणि सर्वांत जास्त फाउल त्याच्यावरच झाले होते. माझ्याच अक्षरात ते लिहिलेले होते, पण विचारले तेव्हा मी वहीला विचारले नाही, डोळ्यांना विचारले. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला: ठेंगणा खेळाडू पुढे टिकेल की नाही हे ठरवायचे तरी कसे? उत्तर शोधताना मी गेलो थेट अमेरिकेच्या एन.बी.ए.कडे, कारण या प्रश्नावर तेथे दरवर्षी कोट्यवधी डॉलर लावले जातात. प्रस्तुत लेख म्हणजे त्या शोधाचा हिशेब होय.

प्रथम ती निवड कशी होते ते सांगतो. एन.बी.ए.मध्ये ३० संघ आहेत. दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते, तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. त्यात दोन फेऱ्या. आदल्या हंगामात मागे पडलेल्या संघांना साधारणपणे आधी निवडायला मिळते. दोन फेऱ्या पूर्ण झाल्या की साधारणपणे ६० नावे होतात. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला सुरुवातीच्या दोन वर्षांच्या पगाराची हमी असते. दुसऱ्या फेरीतल्याला अशी हमी नसते. त्याला संघ सरावाला बोलावतो, पाहतो आणि नको वाटले तर परत पाठवतो. म्हणजे पहिले आणि साठावे ही दोन्ही नावे एकाच यादीत असली, तरी एकाच्या हाती नेमणूकपत्र असते आणि दुसऱ्याच्या हाती फक्त मुलाखतीचे बोलावणे.

हे वाचताना मला आमच्या बाजार समितीतला लिलाव आठवला. माझे वडील तेथे मापाडी आहेत. घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच, पण शिक्षणाची सुरुवात त्या काट्याजवळच झाली. कांद्याची ट्रॉली उभी राहते, व्यापारी वरचे चार कांदे हातात घेतो, आकार पाहतो आणि बोली बोलतो. लहान कांद्याला 'गोल्टी' म्हणतात. तिचा ढीग वेगळा आणि भावही कमी. गोल्टी चवीला कमी असते असे नाही, पण घेणाऱ्याला आकार हवा असतो. वडील म्हणतात, "लिलावात भाव मालाचा नसतो, घेणाऱ्याच्या अंदाजाचा असतो." ड्राफ्टमधला क्रमांक हाही असाच अंदाज आहे.

मात्र अंदाज करणारे मूर्ख नसतात, हेही मान्य केले पाहिजे. बास्केटबॉलची कडी जमिनीपासून दहा फूट उंच असते. एन.बी.ए.मधला सर्वसाधारण खेळाडू साडेसहा फुटांच्या आसपास असतो. बुटक्याने मारलेली फेक उंच हाताने अडते, आणि उंचाने मारलेली फेक बुटक्याच्या डोक्यावरून जाते. आक्रमणात बुटका स्वतःची सोय करू शकेल, पण बचावात त्याला लपवायचे कोठे? प्रतिस्पर्धी मुद्दाम शोधून त्याच्यावरच हल्ला करतात. तेव्हा उंची पाहणे हा अन्याय नव्हे. फक्त उंचीच पाहणे हा अन्याय आहे.

आता उदाहरण घेऊ. २०११ च्या ड्राफ्टमध्ये ६० नावे होती. पहिले नाव कायरी अर्विंग, ते क्लीव्हलंडने घेतले. शेवटचे, म्हणजे साठावे नाव आयझेया थॉमस, ते सॅक्रामेंटोने घेतले. थॉमसची उंची पाच फूट नऊ इंच. वॉशिंग्टन विद्यापीठात तो तीन वर्षे खेळला होता. २०११ मध्ये पॅक-१० या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ॲरिझोनाविरुद्ध जादा वेळेत त्याच्याच शेवटच्या फेकीने संघ जिंकला होता. तरी ५९ वेळा दुसऱ्याचे नाव पुकारले गेले.

अशा खेळाडूविषयी मत बनवताना केवळ एकूण गुण पाहू नयेत. माझ्या वाचनातून मी पाच प्रश्न काढले आहेत.

पहिला प्रश्न: तो कोणाविरुद्ध खेळला? लहान स्पर्धेत दुबळ्या संघांविरुद्ध केलेले गुण आणि बलाढ्य संघांविरुद्ध केलेले गुण यांचे वजन सारखे नसते. उंच, चपळ प्रतिस्पर्ध्यांसमोर त्याचा खेळ तसाच राहतो का, हे पाहावे.

दुसरा प्रश्न: त्याचे गुण येतात कोठून? बुटक्याला कडीजवळ जाऊन सहज गुण मिळत नाहीत. म्हणून त्याच्याजवळ दोन वाटा हव्यात: लांबून मारायची तीन गुणांची फेक, आणि आत घुसून फाउल काढून घेण्याचे कसब. फाउल झाला की फ्री थ्रो मिळतो, आणि फ्री थ्रोच्या वेळी समोर हात वर करून कोणी उभे नसते. त्या रेषेवर सगळे सारख्याच उंचीचे. पाच फूट नऊ इंचांचा कॅल्विन मर्फी १९७० मध्ये दुसऱ्या फेरीत निवडला गेला होता. १९८०-८१ च्या हंगामात त्याने २१५ पैकी २०६ फ्री थ्रो साधले. पुढे १९९३ मध्ये बास्केटबॉलच्या सर्वोच्च सन्मानगृहात त्याला स्थान मिळाले.

तिसरा प्रश्न: चेंडू किती वेळा गमावतो? उंच खेळाडूची चूक संघ सोसतो, बुटक्याची सोसत नाही. मग्सी बोग्स हा अवघ्या पाच फूट तीन इंचांचा. १९८७ मध्ये तो पहिल्याच फेरीत बाराव्या क्रमांकावर निवडला गेला आणि १४ हंगाम खेळला. तो चेंडू जमिनीलगत इतका खाली ठेवी की उंच माणसाला वाकून तो काढणे जड जाई. पास भरपूर देई आणि चेंडू क्वचित गमावी. त्याची कमी उंची तेथे उपयोगाला आली.

चौथा प्रश्न: उंची सोडून बाकीचे शरीर कसे आहे? थॉमस बुटका असला तरी किरकोळ नव्हता. त्याचे वजन सुमारे ८४ किलो आणि दोन्ही हात पसरले तर लांबी सहा फुटांहून अधिक. अंगावर अंग आदळले तरी त्याचा तोल जात नसे. उंचीची पट्टी डोक्याशी थांबते. खांदे, हात आणि पाय तिला दिसत नाहीत.

पाचवा प्रश्न खेळाडूविषयी नसून संघाविषयी आहे: त्याला संधी कोण देणार, आणि किती? याचे उत्तर मैदानावरच्या गुणांत सापडत नाही, पण बहुधा तेच सर्वांत निर्णायक ठरते.

थॉमसच्या बाबतीत ही संधी आली. सॅक्रामेंटो तेव्हा मागे पडलेला संघ होता. त्याच वर्षी दहाव्या क्रमांकावर निवडला गेलेला जिमर फ्रेडेट हा नावाजलेला गार्डही त्यांच्याकडे होता. तरी पहिल्याच हंगामात थॉमस ३७ सामन्यांत सुरुवातीच्या पाचांत उतरला आणि त्याची सरासरी ११.५ गुणांची राहिली. २०१३-१४ मध्ये ती २०.३ वर गेली. आणि तरीही २०१४ च्या उन्हाळ्यात सॅक्रामेंटोने त्याला फिनिक्सकडे जाऊ दिले. करार चार वर्षांचा, २ कोटी ७० लाख डॉलरचा. आपल्याला ही रक्कम अफाट वाटेल, पण सामन्यामागे वीस गुण करणाऱ्याला तेथे याहून पुष्कळ अधिक मिळते. एकदा गोल्टीच्या ढिगात पडले की पुढचा व्यापारीही गोल्टीचाच भाव बोलतो.

फेब्रुवारी २०१५ मध्ये तो बोस्टनला गेला. २०१६-१७ च्या हंगामात त्याने सामन्यामागे २८.९ गुण केले. त्या वर्षी संपूर्ण लीगमध्ये त्याच्यापुढे दोघेच होते. आता दुसरा प्रश्न आठवा: त्या हंगामात त्याने सामन्यामागे साडेआठ फ्री थ्रो मिळवले आणि शंभरात जवळजवळ ९१ साधले. एप्रिलमध्ये, बोस्टनच्या बाद फेरीतल्या पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी त्याची बहीण अपघातात गेली. तो खेळला. २ मे रोजी वॉशिंग्टनविरुद्ध त्याने ५३ गुण केले.

मग ऑगस्ट २०१७ उजाडला. बोस्टनने कायरी अर्विंगला घ्यायचे ठरवले आणि त्याच्या बदल्यात क्लीव्हलंडला जे दिले त्यात मुख्य नाव होते आयझेया थॉमस. २०११ च्या यादीतल्या पहिल्या आणि शेवटच्या नावाची अशी अदलाबदल झाली. अर्थात थॉमसबरोबर आणखी दोन खेळाडू आणि निवडीचा हक्कही द्यावा लागला, म्हणजे भाव पूर्ण सारखा झाला नव्हताच.

येथे गोष्ट संपवली असती तर ती भाषणस्पर्धेला शोभली असती. पण खरी गोष्ट पुढे आहे. थॉमसच्या कमरेच्या सांध्याला त्याच वर्षी इजा झाली होती. तो पूर्वीसारखा धावू शकला नाही. ज्या मोठ्या कराराची त्याने वाट पाहिली तो कधी आलाच नाही. २०१८-१९ मध्ये डेन्व्हरसाठी तो केवळ १२ सामने खेळला. उंच खेळाडूचा वेग कमी झाला तरी त्याची उंची शिल्लक राहते. बुटक्याचे सगळे भांडवल वेगात असते आणि ते गेले की मागे काही उरत नाही. तेव्हा सहावा प्रश्नही जोडावा लागतो: हे शरीर हा मारा किती वर्षे सोसेल?

केवळ थॉमस पाहून सर्वच ठेंगण्या खेळाडूंविषयी आशावादी होणे हाही वही न उघडण्याचाच प्रकार. के फेल्डर हाही पाच फूट नऊ इंचांचा. ओकलंड विद्यापीठातल्या शेवटच्या हंगामात त्याची सरासरी २४.४ गुण आणि ९.३ पासांची. २०१६ मध्ये तो ५४ वा निवडला गेला आणि क्लीव्हलंडकडे गेला. पण ओकलंड लहान स्पर्धेत खेळणारे विद्यापीठ, आणि क्लीव्हलंड त्या जूनमध्येच विजेता ठरलेला संघ. तेथे नवख्याला शिकायला वेळ कोण देणार? दोन हंगामांत साठहून कमी सामने खेळून त्याची एन.बी.ए.तली वाटचाल संपली. पहिला आणि पाचवा, हे दोन प्रश्न त्याच्या आड आले असावेत असे मला वाटते.

आणि उलट बाजूही पाहा. पंजाबातल्या बल्लोके गावचा सतनामसिंग भामरा सात फूट दोन इंचांचा. २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले. एन.बी.ए.च्या ड्राफ्टमध्ये नाव पुकारले गेलेला तो पहिला भारतीय. खेड्यातून तेथवर जाणे ही लहान गोष्ट नव्हे. पण लीगचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. उंचीने दार उघडते, आत बसायला मात्र जागा मिळेलच असे नाही.

२०११ च्या त्या ६० जणांपैकी पुढे सात जण ऑल-स्टार झाले. त्यांत पहिला होता आणि साठावाही होता. यादी चुकली असे मी म्हणणार नाही. शेवटची बहुतेक नावे खरोखरच लवकर विसरली जातात. यादी एवढेच सांगते की त्या दिवशी त्या लोकांना काय दिसले. त्या दिवसानंतर वही उघडून पाहायचे काम कोणीतरी करावे लागते, एवढाच या शोधातून निघालेला निष्कर्ष.

हे मला आधीच कळायला हवे होते. या महाविद्यालयात माझा प्रवेश तिसऱ्या यादीत झाला, खालून दुसरे नाव. ती यादी पाहून कोणी "हा टिकणार नाही" म्हणाले असते, तर मला काय वाटले असते? आणि मी मात्र दुसऱ्याविषयी तेच म्हणून मोकळा झालो.

गेल्या महिन्यात तो मुलगा कँटीनमध्ये भेटला. मी त्याला घडले ते सर्व सांगितले, वहीतले ते पानही दाखवले. त्याने ते दोनदा वाचले. मी म्हणालो, "पुढच्या चाचणीला ये. यंदा मी वही उघडून बोलेन. उद्यापासून सकाळी सहाला मैदानावर मी असतो."

"बघू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी मात्र रोज सहाला जातो, चेंडू आणि वही घेऊन.