वाहनातील जळका वास : ओळख आणि उपाय

बेळगाव भागातील भाजीपाला पिकअप वाहनांतून चोर्ला घाट उतरून साखळीमार्गे गोव्याच्या बाजारपेठांत येतो. परतताना हाच घाट वाहनांना चढावा लागतो. अनमोड आणि आंबोली या घाटांतूनही मालाची अशीच ने-आण होते. अशा प्रवासात चालकाला कधी अचानक जळका वास येतो. माल वेळेवर पोहोचवायची घाई असली की "घाट संपल्यावर पाहू" असे म्हणून तो पुढे जातो. पण ब्रेक निकामी होण्यापूर्वी किंवा वाहन पेट घेण्यापूर्वी मिळणारी पहिली सूचना पुष्कळदा हा वासच असतो. त्याचा प्रकार ओळखता आला तर प्राण, वाहन आणि माल या तिन्हींचे रक्षण होऊ शकते.

वास येताच चालकाने तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात : वास कशासारखा आहे, तो कोठून येतो आणि वाहन कोणत्या स्थितीत असताना आला. दोषाचा माग बहुधा यांवरूनच लागतो.

उतारावरील वास

घाट उतरताना चाकांकडून उग्र, नाकाला झोंबणारा वास आला तर तो ब्रेकचा समजावा. ब्रेक दाबल्याने वाहनाच्या गतीचे रूपांतर उष्णतेत होते. ब्रेक सतत दाबून ठेवला तर ती उष्णता बाहेर पडण्यास अवसर मिळत नाही, लायनर तापतात आणि त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे धोका आणखी वाढतो. 'डॉट ३' प्रतीचे नवे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेले ऑईल मात्र १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळलेल्या ऑईलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, पेडल मऊ लागते आणि पायाने कितीही जोर दिला तरी वाहन थांबत नाही.

अशा वेळी वाहन खालच्या गिअरमध्ये घ्यावे आणि वळण टाळून रुंद, सपाट जागी थांबवावे. गिअर घालून ठेवावा व चाकांखाली दगड लावावेत. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नये, कारण एकाएकी थंड झाल्याने ड्रमला तडा जाण्याची भीती असते. ब्रेक आपोआप निवू द्यावेत. निघताना चाकांखालचे दगड उचलून रस्त्याबाहेर ठेवावेत. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तेच दगड घातक ठरतात.

जो गिअर घाट चढण्यास लागतो त्याच गिअरमध्ये घाट उतरावा, हा जुना नियम आजही तितकाच खरा आहे. इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करून वाहन उतारावर सोडणे अत्यंत धोक्याचे आहे. त्यामुळे इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि ब्रेकला मिळणारे साहाय्यही लवकरच संपते.

सपाट रस्त्यावरही एकाच चाकाकडून वास येत असेल तर हँडब्रेक पूर्ण सुटला आहे का, हे प्रथम पाहावे. तो सुटलेला असेल तर त्या चाकाचा ब्रेक अडकला आहे किंवा बेअरिंगमधील ग्रीस संपले आहे, असा संशय घ्यावा. हात चाकाला न लावता नुसता जवळ नेला तरी कोणते चाक अधिक तापले आहे ते कळते.

चढावरील वास

चढावर जळक्या कागदासारखा वास आला, इंजिनाचा आवाज वाढला, पण वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरत आहे असे समजावे. क्षमतेहून अधिक भार, क्लचच्या पेडलवर पाय टेकवून ठेवण्याची सवय आणि चढावर अर्धवट क्लच दाबून वाहन रोखून धरणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. चढावर थांबताना हँडब्रेक वापरावा. पेडलला योग्य तेवढी मोकळीक आहे का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे. मोकळीक ठीक असूनही क्लच घसरत राहिला तर प्लेट बदलणे आवश्यक असते.

बॉनेटखालील वास

तेल जळल्याचा वास आणि निळसर धूर ही इंजिन ऑईल गळून तापलेल्या एक्झॉस्टवर पडत असल्याची लक्षणे होत. टॅपेट कव्हरचे जुने गास्केट हे त्याचे नेहमीचे कारण. सर्व्हिसिंगच्या वेळी सांडलेले तेल थोड्याच वेळात जळून जाते; वास त्यानंतरही टिकला तर गळती शोधावी. रबराचा वास आणि कर्कश आवाज एकत्र आल्यास पट्टा सैल झाला आहे किंवा एखादी पुली अडकली आहे असे समजावे.

प्लॅस्टिक जळल्यासारखा वास सर्वांत गंभीर मानावा. रस्त्यावरील प्लॅस्टिकची पिशवी सायलेन्सरला चिकटूनही असा वास येतो. परंतु तशी खात्री होईपर्यंत तो वायरिंगचाच समजावा. वाहन तत्काळ थांबवून चावी बंद करावी, सर्वांना खाली उतरवावे आणि धूर नसल्यास बॅटरीची ऋण तार सोडवावी. उंदरांनी कुरतडलेल्या तारा आणि जादा दिव्यांसाठी वा हॉर्नसाठी कशाही केलेल्या जोडण्या यांतून हा दोष उद्भवतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार बसवणे म्हणजे आगीला वाट मोकळी करून देणे होय. फ्यूज तार जळण्यापूर्वी स्वतः वितळतो. जाड तार वितळत नाही, म्हणून मूळ तारच पेटते. फ्यूज ठरलेल्या अँपिअरचाच असावा आणि तो पुन्हा उडाल्यास दोष शोधावा.

बॉनेटखालून धूर येत असेल तर बॉनेट पूर्ण उघडू नये. आत शिरणाऱ्या हवेने आग भडकते. सर्वांनी दूर जावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे. आग लहान असेल तरच कोरड्या पावडरचे अग्निशामक यंत्र वापरावे.

मेकॅनिकला सांगताना

"वास येतो" एवढेच सांगितल्याने दोष सापडत नाही. चढ की उतार, भार किती होता, कोणता दिवा लागला होता, वास थांबल्यावर आला की चालताना, हे सर्व सांगावे. शासकीय वाहनांच्या चालकांनी ही माहिती नोंदवहीतही लिहावी. गावातील ज्यांचा माल किंवा मुले अशा वाहनांतून प्रवास करतात, त्यांनीही वास आल्यास चालकाला थांबण्याचा आग्रह धरावा. बाजारात थोड्या उशिराने पोहोचलेली भाजी विकली जाते. घाटात ब्रेक गेल्यावर मात्र काहीच हाती राहत नाही.