सेरेब्रल पाल्सीची अर्भकावस्थेतील लक्षणे

सेरेब्रल पाल्सी (मराठीत ‘मेंदूचा पक्षाघात’) ही हालचाल, स्नायूंचा ताण आणि शरीराची ठेवण यांवर कायमस्वरूपी परिणाम करणारी अवस्था आहे. गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या आरंभीच्या काळात विकसनशील मेंदूला झालेली इजा अथवा त्याच्या जडणघडणीतील दोष हे तिचे मूळ होय. ही इजा पुढे वाढत नाही. परंतु मूल जसजसे वाढते तसतशी तिची दृश्य रूपे बदलत जातात. निदान प्रायः वयाच्या १२ ते २४ महिन्यांच्या दरम्यान होत आले आहे. प्रत्यक्षात अनेक मुलांमध्ये पहिल्या सहा महिन्यांतच काही चिन्हे दिसू लागतात.

निदानास होणारा विलंब

‘आमच्या घराण्यात सगळेच उशिरा चालले’ किंवा ‘मूल अंगाने जड आहे, बसेल हळूहळू’ या समजुतींत बहुमोल महिने निघून जातात. अर्भकाचा मेंदू अनुभवानुसार स्वतःची घडण बदलू शकतो आणि ही क्षमता पहिल्या दोन वर्षांत विशेष असते. त्यामुळे येथे झालेला उशीर केवळ कागदावरचा राहत नाही. याउलट, उशिरा चालणारे प्रत्येक मूल या अवस्थेने ग्रस्त असते असेही नाही. एखाद्या सुट्या चिन्हापेक्षा अनेक चिन्हे एकत्र दिसणे आणि ती टिकून राहणे अधिक अर्थपूर्ण ठरते.

घरात दिसणारी चिन्हे

यांतील बरीच चिन्हे तपासणीच्या खोलीपेक्षा न्हाणीत आणि पाळण्याशी आधी लक्षात येतात. लंगोट बदलताना मांड्या सहज फाकत नाहीत, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात, अंघोळ घालताना बाळ धनुष्यासारखे मागे ताणले जाते. काही बाळे याच्या अगदी उलट, उचलताना हातातून निसटतील इतकी सैल लागतात. हा सैलपणा काही महिन्यांनी ताठरपणात बदलू शकतो, म्हणून तो गेला याचा अर्थ बाळ सुधारले असा घेता येत नाही.

दूध ओढताना बाळ लवकर थकते, वारंवार ठसकते किंवा पाजण्यास फार वेळ लागतो. चार महिने झाले तरी मान धरत नाही. मुठी, विशेषतः अंगठा आत दुमडलेल्या, चार महिन्यांनंतरही बहुतेक वेळ वळलेल्याच राहतात. नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसता येत नाही. रांगताना एक पाय मागे ओढला जातो, किंवा उभे केल्यावर टाचा जमिनीला टेकत नाहीत.

सर्वांत फसवे चिन्ह हाताच्या पसंतीचे आहे. सात-आठ महिन्यांचे बाळ प्रत्येक खुळखुळा एकाच हाताने घेत असेल, तर घरात ते ‘डावरे’ किंवा ‘उजवे’ ठरते आणि त्याचे कौतुकही होते. वस्तुतः पहिल्या वाढदिवसापूर्वी हाताची ठाम आवड सहसा तयार होत नाही. अशा वेळी बाळ कोणता हात वापरते यापेक्षा कोणता टाळते, हे पाहावे लागते. शरीराच्या एका बाजूच्या सेरेब्रल पाल्सीचे हे बहुधा पहिले चिन्ह असते.

तसेच मांडीवर उभे धरल्यावर पाय ताठ रोवणारे किंवा अपेक्षेपेक्षा लवकर पालथे पडणारे बाळ ‘खंबीर’ समजले जाते. काही बाळांत हे बळ नसून स्नायूंचा ताण असतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मोजताना जितके आठवडे ते आधी जन्मले तितके वजा करतात. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाकडून सहाव्या महिन्यात चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवायची असते. मात्र दोन अंगांतील तफावत किंवा ताठरपणा या हिशेबाने समर्थनीय ठरत नाही.

अवगत झालेली कौशल्ये बाळ गमावू लागले, तर ते सेरेब्रल पाल्सीचे लक्षण नव्हे. त्यासाठी अन्य आजारांचा तातडीने शोध घ्यावा लागतो.

कोणाकडे अधिक लक्ष हवे

अकाली जन्म, अत्यल्प वजन, जन्मतः न रडणे, तीव्र कावीळ, मेंदूज्वर किंवा नवजात अवस्थेतील झटके ही प्रमुख जोखमीची कारणे आहेत. तथापि पूर्ण दिवसांच्या आणि सुखरूप प्रसूती झालेल्या बाळांतही ही अवस्था आढळते.

दोष सर्वस्वी प्रसूतीच्या माथी मारण्याची प्रवृत्ती जुनी आहे. इंग्लिश शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ साली लंडनमध्ये मांडलेल्या निबंधात अवघड प्रसूतीशी हा संबंध जोडला होता. पुढे मनोविश्लेषणामुळे प्रसिद्धीस आलेल्या सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ मध्ये शंका उपस्थित केली की, अवघड प्रसूती हीच कधीकधी गर्भातील आधीच्या बिघाडाचा परिणाम असू शकेल. नंतरच्या संशोधनाने या शंकेला बळ दिले. आपल्या हातून काही चुकले असे वर्षानुवर्षे मानणाऱ्या मातांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

वैद्यकीय तपासणी

तीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान (दुरुस्त वयानुसार) जागे व शांत असलेले बाळ उताणे ठेवून त्याच्या स्वाभाविक हालचालींचे काही मिनिटांचे चित्रण करतात. या वयात मान, धड व हातापायांत दिसणाऱ्या लहान, सतत चाललेल्या हालचालींचा अभाव हा गंभीर इशारा मानला जातो. ही पद्धत हाइन्झ प्रेख्टल यांच्या संशोधनातून विकसित झाली. २६ बाबींची व ७८ गुणांची हॅमरस्मिथ चाचणी दोन महिने ते दोन वर्षे वयासाठी वापरतात. एमआरआय उपयुक्त असला तरी काही मुलांत तो निर्दोष येतो, त्यामुळे केवळ त्यावरून शंका फिटत नाही.

भारतातील व्यवस्था

आशा कार्यकर्तीच्या गृहभेटी, लसीकरणाच्या वेळा आणि माता व बाल संरक्षण कार्डावरील विकासाचे टप्पे ही चिन्हे हेरण्याची पहिली ठिकाणे आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला. त्याअंतर्गत संशयित बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत सेरेब्रल पाल्सीचा स्वतंत्र उल्लेख आहे.

निदानापूर्वीचे उपचार

चिन्हे स्पष्ट असूनही खात्री होत नसेल, तर ‘सेरेब्रल पाल्सीची दाट शक्यता’ अशी नोंद करून उपचार सुरू करण्याची शिफारस आज केली जाते. बाळाने स्वतः हालचाल करावी यावर त्यात भर असतो. नुसत्या मालिशीने ते साधत नाही. एक बाजू दुर्बल असल्यास चांगला हात रोज थोडा वेळ मऊ हातमोज्यात ठेवून दुसऱ्या हाताने खेळवले जाते. दृष्टी, श्रवण व नितंबाचे सांधे यांचीही तपासणी याच काळात सुरू करतात, कारण सांधा निखळत असताना बाळ वेदना दाखवेलच असे नाही.