काचबिंदू आणि बटणाची परीक्षा

मुलांनो, कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटीमीटरवर एक ठळक टिंब. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघत कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटीमीटरवर टिंब नाहीसे होईल! तिथे काळे भोक मात्र दिसणार नाही, कोरा कागदच दिसेल. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस जिथून बाहेर पडते, तिथे पाहणाऱ्या पेशीच नसतात. मेंदू आजूबाजूचे पाहून ती जागा परस्पर भरून टाकतो.

मेंदूची हीच हुशारी काचबिंदूत घात करते. ती नस हळूहळू निकामी होत जाते, पण बहुधा दुखत नाही, समोरची अक्षरेही वाचता येतात. मोतीबिंदूसारखे ऑपरेशन करून गेलेली नजर परत मिळत नाही. थेंब घालून डोळ्यातला दाब उतरवायचा आणि उरलेली नजर राखायची.

किती गेली हे कळण्यासाठी दृष्टिक्षेत्राची तपासणी करतात. एक डोळा झाकून, वाडग्यासारख्या यंत्रापुढे हनुवटी टेकून मधल्या खुणेकडे बघत राहायचे. कडेला कुठेही प्रकाशाचा ठिपका चमकला की बटण दाबायचे. हम्फ्री यंत्राच्या एका नेहमीच्या तपासणीत अशा ५४ जागा असतात. प्रत्येक जागी जेमतेम दिसेल एवढा अंधुक ठिपका शोधायचा असल्याने निरोगी डोळ्यालाही बरेच ठिपके दिसत नाहीत.

हे आमच्या आईला कोणी सांगितले नव्हते. ठिपके हुकताहेत असे वाटून ती घाबरली आणि अंदाजाने बटण दाबत सुटली. शाळेत कायम पहिली येणारी बाई, नापास कशी होणार! पण ठिपका नसताना दाबलेले बटणही यंत्र मोजते. अहवाल फुकट गेला, तपासणी पुन्हा करावी लागली.

दमलेला माणूस, खाली आलेली पापणी, यांनीही निकाल बिघडतो. पहिल्या खेपेला तर सवयच नसते. एका आकड्यावरून आलेख काढता येत नाही, हे आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना तरी कळायला हवे होते. नजर घसरते आहे का, हे अनेक अहवाल ओळीने लावले तरच दिसते. आई सहा महिने इकडे आली तेव्हा तिचे जुने अहवाल भारतात कपाटात राहिले होते, आणि इथल्या डॉक्टरांना सुरुवात शून्यापासून करावी लागली. आजी-आजोबा येणार असतील तर लोणच्याच्या बरणीबरोबर त्या कागदांच्या झेरॉक्सही मागवा.

आईवडिलांना काचबिंदू असेल तर मुलांना धोका जास्त असतो. म्हणून आम्ही भावंडांनीही डोळे तपासून घेतले. आमचा पहिला अहवाल आता आईच्या फाइलमध्येच लावला आहे.