बांधकामाची थकबाकी आणि धारणाधिकार

म्हैसूर शहराच्या पश्चिम भागातील विजयनगर ही टप्प्याटप्प्याने वसविलेली मोठी नियोजित वसाहत आहे. अशा वसाहतीत उभ्या राहणाऱ्या घरामागे बहुधा उधारीची एक साखळी असते. विटा, सिमेंट व सळ्यांचा पुरवठादार कंत्राटदाराला उधार माल देतो. कंत्राटदार मजुरी आधी चुकती करतो आणि मालकाकडून बिल मागाहून वसूल करतो. हे बिल थकले, तर त्या घरावरच हक्क सांगता येतो काय?

अमेरिकेत याचे उत्तर होकारार्थी आहे. वॉशिंग्टन या नव्या राजधानीच्या उभारणीला चालना मिळावी म्हणून मेरीलँड राज्याने 1791 मध्ये असा कायदा केला. पुढे तेथील सर्व राज्यांनी तो स्वीकारला. विहित मुदतीत दावा नोंदविणाऱ्या कारागिराचा वा पुरवठादाराचा त्या मालमत्तेवर भार निर्माण होतो. यालाच ‘मेकॅनिक्स लीन’ म्हणतात.

भारतीय कायद्याची भूमिका

भारतात बांधकामासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 170 नुसार, सोपविलेल्या वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्च करणाऱ्यास मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःकडे ठेवता येते. हिऱ्याला पैलू पाडणारा जवाहिऱ्या हे कायद्यातीलच उदाहरण होय. मात्र तीन महिन्यांची उधारी मान्य करणाऱ्या शिंप्यास शिवलेला कोट अडवून ठेवता येत नाही, असेही तेथेच म्हटले आहे. हा हक्क जंगम वस्तूंपुरता आहे. जमिनीशी जोडलेल्या घराला तो लागू होत नाही.

मालविक्री अधिनियम, 1930 चे कलम 47 विक्रेत्याला किंमत मिळेपर्यंत माल रोखून धरण्याचा हक्क देते. पण माल खरेदीदाराच्या कायदेशीर ताब्यात गेला की हा हक्क संपतो. भिंतीत बसलेली वीट तर स्थावर मालमत्तेचा भाग बनते. घरावर कर्ज देणारी बँक गहाणामुळे सुरक्षित असते, घर बांधणारा मात्र असुरक्षित धनको ठरतो. दिवाणी दावा त्याला सामान्यतः तीन वर्षांच्या मुदतीत करावा लागतो. निकालापूर्वी मालमत्तेची जप्ती मिळविणेही सोपे नाही. असुरक्षित कर्जाचे सुरक्षित कर्जात रूपांतर करणे हा त्या तरतुदीचा हेतू नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये रमण टेक प्रकरणात स्पष्ट केले.

पर्यायी संरक्षण

ही उणीव काही अंशी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 भरून काढतो. सूक्ष्म व लघु पुरवठादारास लेखी करारातील मुदतीत, पण 45 दिवसांच्या आत पैसे मिळालेच पाहिजेत. करार नसल्यास ही मुदत माल वा सेवा स्वीकारल्यापासून 15 दिवसांची असते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. बँक दर 6 टक्के मानला, तर 10 लाख रुपयांवर वर्षाला सुमारे 1 लाख 96 हजार रुपये व्याज होते. तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे नेता येते. परिषदेच्या निवाड्यास आव्हान देणाऱ्या खरेदीदारास 75 टक्के रक्कम आधी जमा करावी लागते.

या संरक्षणालाही मर्यादा आहेत. 2021 पासून व्यापाऱ्यांची ‘उद्यम’ नोंदणी होत असली, तरी तिचा लाभ अग्रक्रम क्षेत्रातील कर्जापुरता ठेवला गेला. त्यामुळे वीटभट्टीचालक आणि विटांचा केवळ व्यापारी यांची स्थिती भिन्न ठरते. श्रम व साहित्य यांचा एकत्रित करार या कायद्यात बसत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत घेतली आहे. दिवाळखोरी संहिता, 2016 चा मार्ग कंपनीविरुद्ध उपलब्ध आहे. परंतु 2020 मध्ये थकबाकीची किमान मर्यादा 1 लाखावरून 1 कोटी रुपये झाल्याने लहान पुरवठादार त्याबाहेर राहिले.

अनुकरण करावे काय?

अमेरिकी पद्धतीचे दुसरे अंगही पाहिले पाहिजे. मालकाने कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिले, पण कंत्राटदाराने पुरवठादाराचे थकविले, तर तेथे काही राज्यांत मालकावर दुबार भरण्याची पाळी येऊ शकते. आपल्याकडे दस्ताची नोंदणी होते, मालकी हक्काची हमी मिळत नाही. अशा व्यवस्थेत न दिसणारे भार वाढले, तर सामान्य घरखरेदीदार आणि गृहकर्ज दोन्ही अडचणीत येतील.

त्यामुळे ब्रिटनचा मार्ग अधिक अनुकरणीय वाटतो. तेथे 1996 च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने देयके मिळण्याचा आणि वाद तातडीने तटस्थ निर्णायकाकडे नेण्याचा हक्क दिला. पैसे वेळेवर मिळण्याची खात्री नसेल, तर पुरवठादार ती जोखीम मालाच्या किमतीत मिळवितो आणि अखेर घर महाग होते. म्हणूनच लेखी करार, टप्पानिहाय देयके आणि जलद निवाडा ही त्रिसूत्री कंत्राटदाराइतकीच घरमालकाच्याही हिताची आहे.