सर्व विषयांत शिकवायचे, ते तपासायचे कुठे?

नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण महाराष्ट्रात २०२३-२४ मध्ये स्वायत्त महाविद्यालयांत आणि पुढच्या वर्षी संलग्न महाविद्यालयांत लागू झाले. तेव्हापासून पदवीच्या वेळापत्रकात मुख्य विषयाभोवती बरेच काही येऊन बसले आहे: मुक्त ऐच्छिक विषय, क्षमतावर्धक भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, समाजसहभाग. यातले बरेचसे दोन-दोन क्रेडिटचे आहेत. रसायनशास्त्राच्या पदवीधराला आपले म्हणणे मुद्देसूद लिहिता यावे, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एखाद्या दाव्यामागचा पुरावा पारखता यावा, मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीला टक्केवारीचा तक्ता वाचताना अडायला होऊ नये, ही त्यामागची अपेक्षा. अपेक्षा जुनीच आहे. हार्वर्ड विद्यापीठाने १९४५ च्या आपल्या अहवालात सर्वसाधारण शिक्षणाचा आग्रह धरला आणि १९४८-४९ मध्ये राधाकृष्णन आयोगाने आपल्या विद्यापीठांनाही तेच सुचवले. मात्र ही शिकवण मुलांच्या अंगी उतरली की नाही, हे पाहायचे कोणी आणि कसे, हा प्रश्न आपण आजवर टाळत आलो. माझे म्हणणे असे आहे की विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष केलेले काम निरनिराळ्या विषयांच्या शिक्षकांनी एकत्र बसून वाचल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. गुणांवर गणिते करून काढलेला आकडा ती जागा भरून काढू शकत नाही.

कागदावर उत्तर तयार आहे. अभ्यासक्रमाच्या निष्पत्ती ठरवल्या का, त्या जाहीर केल्या का आणि किती साध्य झाल्या, हे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था त्यांना विचारते. अभियांत्रिकीत, तिथल्या अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीएमुळे, ही पद्धत आधीच आली होती. २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्परमान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि ती पक्की रुजली. एनबीएने अनेक वर्षे वापरलेल्या बारा निष्पत्तींपैकी निम्म्याहून अधिक निव्वळ तांत्रिक ज्ञानापलीकडच्या होत्या. समाजाचे भान, पर्यावरण, नैतिकता, गटात काम करणे, संवाद, पुढेही स्वतःहून शिकत राहणे, अशी ती यादी. यादीत खोट काढण्यासारखे काही नाही. घोळ होतो तो मोजमापात. प्रत्येक विषयाच्या निष्पत्ती लिहायच्या आणि प्रत्येकीचा पदवीच्या निष्पत्तीशी संबंध किती, ते १, २ किंवा ३ असे तक्त्यात भरायचे. शिक्षकांच्या बोलण्यात यालाच सीओ-पीओ मॅपिंग म्हणतात. मग वर्गातल्या किती मुलांनी ठरावीक गुणांची रेषा ओलांडली, त्यावरून विषयाची पातळी ठरते. समजा ती २.४ आली आणि त्या विषयाचा संवादकौशल्याशी संबंध २ लिहिला आहे; तर २.४ ला २ ने गुणून ३ ने भागायचे. संवादकौशल्याची साध्यता १.६! दशांशामुळे आकड्याला वजन येते, पण तो काढताना कोणीही, एकाही विद्यार्थ्याचे एकही वाक्य, याला आपले म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचवता येते का, या दृष्टीने वाचलेले नसते. गुण होते तेवढेच राहिले, त्यांच्यावरचे नाव बदलले. महाराष्ट्रातले हजारो प्राध्यापक दरवर्षी या तक्त्यांवर आठवडेच्या आठवडे घालवतात आणि त्यातून कोणाच्याही शिकवण्यात काही बदलत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सर्व शाखांना सक्तीचा असलेला एक विषय आपल्याकडे वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे, त्याच्याकडे पाहिले तर मुद्दा स्पष्ट होतो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर सक्तीचे करण्याचा आदेश दिला. न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले, तेव्हा २००३-०४ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी अभ्यासक्रम आणला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्यातल्या भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण संस्थेत तयार झाले. त्या अभ्यासक्रमात पन्नास तासिका होत्या आणि शंभरपैकी पंचवीस गुण क्षेत्रभेटीसाठी राखले होते. नदी, टेकडी, प्रदूषित जागा प्रत्यक्ष जाऊन पाहायची आणि पाहिलेले लिहायचे. रचना करणाऱ्यांनी कौशल्याची जागा नेमकी हेरली होती. पण त्या पंचवीस गुणांच्या कामात काय असले म्हणजे निरीक्षण चांगले, कशाला पुरावा म्हणायचे, निष्कर्ष कधी घाईचा ठरतो, याची समान समजूत शिक्षकांत कधी घडवली गेली नाही. मग प्रकल्पाच्या वह्या एकमेकांवरून उतरवल्या गेल्या आणि लेखी परीक्षेसाठी बाजारात गाइडे आली. ओझोनच्या थराची व्याख्या पाठ करणाऱ्याला आणि आपल्या गावच्या ओढ्याचे पाणी का नासले हे शोधणाऱ्याला गुणपत्रिकेत एकच शेरा मिळू लागला.

अमेरिकेत हा वाद अधिक उघडपणे झाला. समाजशास्त्रज्ञ रिचर्ड अरम आणि योसिपा रोक्सा यांनी चोवीस संस्थांतल्या दोन हजार तीनशेहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०११ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. काही कागदपत्रे आणि आकडेवारी हाती देऊन त्यांच्या आधारे शिफारस लिहायला लावणारी परीक्षा त्यांनी वापरली. पहिल्या दोन वर्षांत ४५ टक्के विद्यार्थ्यांत सांख्यिकीच्या कसोटीवर टिकेल अशी प्रगती दिसली नाही. या आकड्यावर टीका झाली आणि तीत तथ्य आहे: प्रत्येक विद्यार्थ्यासाठी लावलेली कसोटी कडक होती, आणि ज्या परीक्षेचे गुण कुठेच धरले जात नाहीत ती मुले किती मन लावून देतील, हाही प्रश्न राहतो. मला त्या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो. आठवड्याला चाळीस पानांहून अधिक वाचन आणि सत्रभरात वीस पानांहून अधिक लेखन करायला लावणारे विषय ज्यांनी घेतले, त्यांची प्रगती जास्त होती. कौशल्य घडते ते विषयात केलेल्या कामातून, तेव्हा त्याचा मागही त्या कामातच काढायला हवा. अमेरिकन महाविद्यालयांच्या एएसीअँडयू या संघटनेने २००९ मध्ये नेमका हाच मार्ग धरला. शिक्षकांच्या गटांनी लेखन, चिकित्सक विचार, आकडेवारीची समज अशा क्षमतांसाठी चार पातळ्यांची वर्णने लिहिली आणि शंभराहून अधिक संस्थांतल्या शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांच्या कामावर लावून पाहिली. चिकित्सक विचाराच्या वर्णनात प्रश्न स्पष्ट मांडला का, पुरावा तपासून घेतला का, गृहीतके ओळखली का, निष्कर्ष पुराव्याला धरून आहे का, असे वेगवेगळे पदर आहेत. वेगळी परीक्षा घ्यावी लागत नाही. वर्गात दिलेला निबंध किंवा अहवालच पुन्हा वाचायचा, या वेळी दुसऱ्या नजरेने.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यक्तिनिष्ठतेचा. तो जुना आहे आणि खराही. डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा गुण पन्नाशीपासून नव्वदीच्या पुढेपर्यंत पसरले. पण ते शिक्षक एकमेकांशी न बोलता तपासत होते. मोजक्या उत्तरपत्रिका आधी सर्वांनी तपासायच्या, तफावत आली तिथे कारण सांगायचे, वर्णनातले मोघम शब्द दुरुस्त करायचे आणि मगच पुढे जायचे, असे केले तर ही तफावत बरीच कमी होते. आपल्या प्राध्यापकांना हे अनोळखी नाही; कॅप सेंटरवर, म्हणजे उत्तरपत्रिका तपासण्याच्या केंद्रावर, एका विषयाचे परीक्षक एकत्र बसतात, मॉडरेशनही होते. फरक इतकाच, की इथे टेबलाभोवती इतिहासाचा, भौतिकशास्त्राचा आणि लेखाकर्माचा शिक्षक शेजारी हवा.

इतिहासातला पुरावा वेगळा, भौतिकशास्त्रातला वेगळा. मग दोघांना एकच मापदंड कसा लावणार? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. विषय माहीत असल्याशिवाय चिकित्सा करता येत नाही, हे मान्यच. म्हणून तर सामाईक परीक्षेपेक्षा विषयातलेच काम वाचणे बरे. शिवाय दोन शिक्षकांचे जिथे पटणार नाही, तिथेच शिकण्यासारखे असते. प्रयोगातली त्रुटी मान्य करणारा विद्यार्थी आणि बखरीतल्या दाव्यावर शंका घेणारी विद्यार्थिनी एकच गोष्ट करत आहेत का, यावर शिक्षक तासभर वाद घालतील, तर पुढच्या सत्रातले त्यांचे प्रश्न बदलतील. अशा वादाला सीओ-पीओच्या तक्त्यात जागा नाही.

राहिला कामाचा बोजा. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर राबणाऱ्यांना तासिकांबाहेरच्या कामाचे पैसे मिळत नाहीत, वर्गात शंभरावर मुले असतात. अशा स्थितीत आणखी एक काम लादणे अन्यायाचे होईल. पण प्रत्येक मुलाचे काम वाचण्याची गरजच नाही. इथे प्रश्न संस्थेचा आहे, एखाद्याच्या निकालाचा नव्हे. सर्व शाखांतून चिठ्ठ्या टाकून काढलेले शंभर-दीडशे निबंध, नावे झाकून, दोन दिवसांत दहा-बारा शिक्षकांना वाचता येतात. ते दोन दिवस तक्ते भरण्याच्या वेळातून काढावेत आणि तासिकेवरच्या शिक्षकांना त्यांचा मोबदला द्यावा. मात्र या वाचनातून निघालेल्या निकालावर श्रेणी किंवा अनुदान ठरू लागले, की त्याच क्षणी सगळे निबंध तिसऱ्या-चौथ्या पातळीचे ठरतील, हे नॅकने आधी ओळखायला हवे. महाविद्यालयाला विचारायचे ते एवढेच: गेल्या वर्षी वाचलेल्या कामात काय कमी आढळले, त्यावरून कोणत्या विषयातले कोणते लेखनकार्य बदलले, आणि बदललेल्या कामाचे नमुने कुठे आहेत?